पाखरांची आवक-जावक

आमच्या कॉलनीत एक माणूस रोज पहाटे पाखरांची हजेरी घेतो, हे मला कळलं ते एका तक्रारीमुळे. माणसाचं चांगलं काम आमच्याकडे तक्रारीतूनच कळतं, त्यात नवल काही नाही. कळंब्याच्या रस्त्याला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. कोल्हापुरात माणूस एकदाच जन्मतो, पण त्याचा फ्लेक्स दरवर्षी लागतो, म्हणून दुकान बरं चालतं. एका सकाळी शटर अर्धं वर केलं न केलं तोच सात नंबरच्या बंगल्यातल्या आक्का वाकून आत शिरल्या.

"ज्ञानू, त्यो कुरण्यांचा भाऊसो दुर्बीण लावून आमच्या गच्चीकडं बघतोय. माझ्या सुना धुणं वाळत घालत्यात तितं. तू जाऊन सांगतोस, का मी सांगू?"

आक्कांनी सांगायचं म्हणजे सगळ्या कॉलनीनं ऐकायचं. त्यापेक्षा मीच गेलो.

आमच्या घरांच्या मागे एक जुनी दगडाची खण होती. आसपासच्या निम्म्या घरांची जोती तिच्यातल्या दगडावर उभी आहेत. दगड संपला आणि तिच्यात पाणी साठलं. एका अंगाला पुरुषभर खोल, दुसऱ्या अंगाला गुडघाभर पाणी, चिखल आणि पाणकणसाचं रान. कॉलनीचं सांडपाणीही तिकडेच जायचं, पण ते आम्ही बाहेरच्यांना सांगत नसू. भाऊसो तिथल्या मोरीच्या कठड्यावर बसले होते. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, मांडीवर एक जाडजूड वही आणि डोळ्यांना दुर्बीण.

"भाऊसो, तक्रार आलीया तुमची."

"लेखी का तोंडी?" त्यांनी दुर्बीण न काढता विचारलं.

"तोंडी. आक्कांची."

"मग दखल घेता येत न्हाय," असं म्हणून त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. "बघा. गच्चीच्या कठड्यावर काळंपांढरं पाखरू हाय, शेपूट हलवतंय. धोबी म्हणत्यात त्येला. मी त्येला बघतोय. सुना मधी येत्यात, त्येला मी काय करू?"

मी बघितलं. मुठीएवढं पाखरू, कठड्यावर तुरुतुरु चालत होतं आणि दर दोन पावलांनी एका बाजूला कलत होतं. डाव्या पायाला बोटंच नव्हती. हे पाखरू हिमालयाच्या पलीकडून येतं, दसऱ्याच्या सुमाराला पोचतं आणि होळी झाली की परत जातं, असं भाऊसोंनी सांगितलं. याच लंगड्याचं हे सलग दुसरं वर्ष होतं. मी राधानगरीला सासुरवाडीला जायचं तर चारदा विचार करतो आणि हे बोटभर पंखांवर हिमालय ओलांडून आमच्या सांडपाण्याला येतं, याचं मला त्या दिवशी खरोखर नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी भाऊसो दुर्बीण घेऊन स्वतः आक्कांकडे गेले आणि त्यांना गच्चीवर उभं करून पाखरू दाखवलं. आक्का खूश झाल्या. पुढे त्या आठवड्यातून दोनदा दुर्बीण मागायला येऊ लागल्या, पण पाखरांसाठी नाही. कोणाच्या दारात कोणाची गाडी लागली, ते त्यांना आता लांबून दिसायचं.

भाऊसो कुरणे हे एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते. आलेल्या कागदाची नोंद आवकेत, गेलेल्याची जावकेत, मधे त्या कागदाचं काय झालं ते विचारायचं नाही, हा त्या टेबलाचा धर्म. तो त्यांनी निष्ठेनं पाळला. त्या टेबलाकडे आणखी एक काम होतं. कचेरीत कुणी निवृत्त झालं, की शाल, नारळ, हार आणि फेटेवाला यांची व्यवस्था भाऊसोंनी करायची. एकतीस वर्षांत त्रेचाळीस जण निवृत्त झाले. त्रेचाळीस शाली भाऊसोंनी दुकानात जाऊन हात लावून, लोकर बघून निवडल्या. त्यांची स्वतःची पाळी आली ती २०२० च्या मे महिन्यात. कचेरीला कुलूप, रस्त्यावर पोलीस, तोंडाला फडकं. निवृत्तीचा आदेश मोबाईलवर आला. भाऊसोंनी तो कागदावर उतरवून घेतला आणि सवयीनं वर आवक क्रमांक टाकला. पुण्याला नोकरीला असलेल्या अक्षतानं, त्यांच्या लेकीनं, पुढे ती दुर्बीण पाठवली. निवृत्तीची भेट म्हणाल तर तेवढीच.

त्या वर्षी दिवाळीपासून ते खणीवर जाऊन बसू लागले. त्यांच्या बायकोचं, ललितावहिनींचं, यावर स्पष्ट मत होतं. "हाफिसात माणसं टेबलाफुडं ताटकळत हुभी ऱ्हायची, तवा ह्यांनी मान वर केली न्हाय. आता बदकांकडं डोळं फाडून बघत्यात," असं त्या चहा देता देता सांगायच्या, आणि भाऊसो बशीतला चहा शांतपणे फुंकायचे.

ती जाडजूड वही मी एकदा मागून घेऊन वाचली. वही कसली, कचेरीचं रजिस्टरच. रकानेसुद्धा तेच. "आ. क्र. ४१. दिनांक १७ नोव्हेंबर. कोणाकडून: उत्तर दिशा. विषय: थापट्या बदके, चौदा. शेरा: दोन माद्या मागाहून आल्या. विलंबाचे कारण दिले नाही." मार्चमध्ये जावक सुरू. "थापट्या, सर्व. पहाटे. पूर्वसूचना न देता." हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊसोंना माझ्या हसण्याचं कारण कळलं नाही. ते म्हणाले, "आलेल्याची नोंद ठेवाय नगो? कोण कुटनं येतंय, कवा जातंय, कुणी तरी लिवलं पायजे की."

आता आमच्या नेत्यांची ओळख करून द्यायला हवी. विजयसिंहदादा हे आमच्या भागाचे भावी नगरसेवक. निवडणुका लांबत गेल्या आणि दादा वर्षानुवर्षं भावीच राहिले. फ्लेक्स मात्र दरवर्षी नवा, कारण दरवर्षी त्यांचे केस मागे सरकत होते आणि मला ते पुढे आणावे लागत होते. खणीत भराव टाकून सांस्कृतिक सभागृह बांधायचं, हे दादांचं स्वप्न. त्या स्वप्नाची मुरमाची पहिली ट्रॉली मोरीजवळ येऊन पडलीसुद्धा. लंगडा धोबी त्या ढिगावर फिरून किडे टिपू लागला, आणि भाऊसोंनी अर्ज लिहायला घेतले.

त्यांनी अकरा अर्ज केले. प्रत्येकाला रजिस्टरातल्या नोंदी जोडल्या. बाराव्याचा मसुदा चालू असताना उत्तर आलं. पाणथळ जागांची पाहणी करणाऱ्या एका अधिकारी मॅडम रविवारी, एकोणीस जानेवारीला सकाळी सात वाजता येणार होत्या. त्या वेळी स्थलांतरित पक्षी प्रत्यक्ष आढळले तर खणीचं नाव पाणथळ जागांच्या यादीसाठी पुढे पाठवलं जाणार होतं. न आढळल्यास अर्ज निकाली. भाऊसो ते पत्र लग्नपत्रिकेसारखं दोन्ही हातांत धरून दुकानात आले.

"ज्ञानूभाऊ, यादीत आलं की एक घमेलं माती टाकता येत न्हाय कुणाला."

"आन् न्हाय आलं तर?"

भाऊसोंनी पत्राची घडी घातली. म्हणाले, "तर फुडल्या दसऱ्याला लंगडा यील. त्येला काय सांगायचं?"

मला वाटलं होतं, दादा आता चिडणार. पण नेता हा माणूस आम्हाला कधी पुरता कळलेला नाही. तिसऱ्या दिवशी दादा हसतच दुकानात आले. "ज्ञानू, पावणं परदेशातनं आल्यात, सरकारी मॅडम यायच्यात, आन् आपल्या भागात साधा फ्लेक्स न्हाय? लोक त्वांडात शेण घालतील."

"पण दादा, तुमचं सभागृह?"

"सभागृहाला पाखरांचं नाव दिऊ की!"

फ्लेक्स वीस फुटी झाला. "सैबेरियाहून करवीरनगरीत आलेल्या समस्त पाहुण्यांचे हार्दिक स्वागत." खाली शुभेच्छुकांचे एक्केचाळीस चेहरे, मधोमध फोनवर बोलणारे दादा आणि कोपऱ्यात पाखरू. थापट्याचा फोटो काही मनासारखा मिळेना, म्हणून मी नेटवरून एक देखणा पांढरा हंस उतरवून घेतला. भाऊसोंनी तो चष्मा कपाळावर सरकवून बघितला. "हे आपल्याकडं येत न्हाय ओ," ते म्हणाले. मी म्हणालो, आता फ्लेक्स बघून येईल.

आणि भाऊसोंचा सत्कार करायचा, ही कल्पना माझी. दुसऱ्या कुणाच्या नावावर मी ती ढकलणार नाही. दादांनी ती लगेच उचलली, पण भाऊसो ऐकेनात. गर्दी नको, आवाज नको, सात वाजता पाखरं पाण्यात पाहिजेत, एवढंच त्यांचं चाललेलं. शेवटी मी त्यांच्या घरी जाऊन बसलो आणि हुकमी पत्ता टाकला.

"भाऊसो, त्रेचाळीस शाली दुसऱ्यांस्नी आणल्यासा. एक तुमच्या खांद्यावर पडू दे की."

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला. भाऊसो भिंतीकडे बघत राहिले. त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जे आलं, ते बघून मला आपण फार पुण्याचं काम करतोय असं वाटलं. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. "अटी लिवून देतो."

त्यांनी कचेरीच्या भाषेत पाच अटी लिहिल्या. सत्काराचा कार्यक्रम पाहणी संपल्यावर, साडेआठनंतर व्हावा. सत्कारप्रसंगी हलगी, घुमकं, कैताळ वाजू नये. सत्कारप्रसंगी फटाके उडवू नयेत. मंडप पाण्यापासून दोनशे फूट असावा. सत्कारमूर्तीस भाषणाचा आग्रह नसावा. दादांनी न वाचता सही ठोकली. हलगीवाल्यांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पण ते सगळं संपल्यावरच्या मिरवणुकीसाठी, असं त्यांनी आईची शपथ घेऊन सांगितलं.

रविवारी सहालाच मी भाऊसोंबरोबर मोरीवर जाऊन बसलो. थंडी मरणाची. पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यातून नुसती कुजबूज ऐकू येत होती. साडेसहाला उजाडू लागलं तशी बदकं दिसायला लागली. भाऊसो ओठ हलवत मोजत होते. थापट्या, तलवार बदकं, लांब तांबड्या पायांचे शेकाटे, चिखलात चोची खुपसणारे तुतवार. मुरमाच्या ढिगावर लंगडा. मोजून झालं आणि त्यांनी रजिस्टरात लिहिलं, दोनशे बारा. पाच वर्षांत एवढी कधीच आली नव्हती. भाऊसोंनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता.

तेवढ्यात दादा आले. दबक्या पावलांनी आले, हे कबूल केलं पाहिजे. "भाऊसो, फेटेवाल्याला आठला लगीन हाय कोडोलीत. फेटा तेवढा आत्ताच बांधून घ्या. पाच मिन्टाचं काम."

भाऊसोंनी पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "जावा की, पाखरांकडं मी बघतो." जसं काही पाखरं माझ्या ऐकण्यातली होती. ते उठले, स्वेटर खाली ओढला, केसांवरून हात फिरवला आणि मंडपाकडे गेले. नवरदेव चालतो तसेच गेले.

सातला दहा कमी असताना कॉलनीच्या तोंडाला जीपचे दिवे दिसले. दादा पळत माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "ज्ञानू, मॅडम आल्या! हलगीवाली फाटकात हुभी हाईत. आन् मॅडमना मुकाट्यानं आत आणायचं? मयताला आल्यागत? बाईमाणूस हाय, पयल्यांदा दारात आलीया."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, अगदी मनापासून पटलं. आमच्याकडे पाहुणा मुकाट्यानं आत येणं म्हणजे यजमानाचं नाक कापलं जाणं. मी अटींचा कागद आठवला आणि एखाद्या वकिलाच्या ऐटीत म्हणालो, "अट सत्काराची हाय दादा. स्वागताची कुटं हाय?"

दादांनी माझी पाठ थोपटली.

मग जे वाजलं ते काय सांगू! दोन हलग्या, एक घुमकं, कैताळ, आणि कुणीतरी उत्साहानं पेटवलेली दहा हजारांची माळ. पाणी एकदम पांढरं झालं. दोनशे बारा पाखरं एका दमात उठली. मंडपावरून, हंसाच्या फ्लेक्सवरून, एक्केचाळीस शुभेच्छुकांवरून त्यांनी एक फेरा घेतला आणि ती दक्षिणेकडे निघून गेली. मुरमाच्या ढिगावर कुणी नव्हतं.

मंडपातून भाऊसो धावत आले. डोक्यावर अर्धा फेटा, उरलेलं कापड मागे जमिनीवर लोळतंय, त्याचं टोक धरून फेटेवाला पळतोय आणि ओरडतोय, "पावणं, थांबा, शेमला ऱ्हायलाय!" जमलेली माणसं हसली. मीही हसलो असतो. पण भाऊसो मोरीवर येऊन थांबले, त्यांनी रिकाम्या पाण्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

अधिकारी मॅडमचं नाव संयोगिता. वय तिशीच्या आत, बोलणं नेमकं. पाखरं उडाली तेव्हा त्या अजून फाटकात, हलगीवाल्यांच्या गराड्यात होत्या. तोवर त्यांच्याही डोक्यावर फेटा चढवून झाला होता. तो काढून हातात धरून त्या साडेआठपर्यंत पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. दोन बगळे आले, ते इथलेच. एक खंड्या आला, तोही इथलाच. चार म्हशी पाण्यात उतरल्या. मॅडमनी भाऊसोंचं रजिस्टर मागून घेतलं आणि बराच वेळ पानं उलटली.

"काका, हे फार सुंदर आहे. पण विहित नमुन्यात नाही. आणि मला दिसलं तेवढंच लिहिता येतं."

"व्हय मॅडम," भाऊसो म्हणाले. 'विहित नमुन्यात नाही' हे वाक्य त्यांनी स्वतः एकतीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. मॅडमनी स्थलांतरित पक्ष्यांच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं आणि त्या जीपमध्ये बसल्या.

सत्कार झाला. नारळ आणला होता, शाल आणली होती, मग व्हायलाच हवा. दादा माईकवर म्हणाले, की सैबेरियाच्या पाहुण्यांनी कोल्हापूरचा पाहुणचार बघितला, आता ते जगभर जाऊन सांगतील. टाळ्या पडल्या. भाऊसोंच्या खांद्यावर शाल पडली. मान ताठ ठेवून ते उभे होते आणि सगळा वेळ आकाशाकडे बघत होते. फोटोत तो मोठा रुबाब वाटतो. भाषणाचा आग्रह कुणी केला नाही. पाचातली तेवढी एक अट आम्ही नीट पाळली.

फेब्रुवारीत ट्रॉल्या सुरू झाल्या. पावसाळ्याच्या आत खण सपाट झाली. सभागृह काही उभं राहिलं नाही, तिथे आता गाड्या लागतात आणि एक फ्लेक्स आहे, "नियोजित स्थलांतरित पक्षी सांस्कृतिक सभागृह." तो मीच छापला. हंस तोच वापरला.

भाऊसो मला एका शब्दानं बोलले नाहीत. रस्त्यात भेटले की मान हलवायचे. मीच त्यांना टाळत होतो. आठ महिने मला त्यांच्या घराची पायरी चढायची लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती. दसरा झाल्यावर मात्र राहवेना. आपट्याची पानं घेऊन गेलो. ललितावहिनींनी चहा टाकला. भाऊसोंनी कपाटातून रजिस्टर काढलं. जुनं दप्तर बासनात बांधतात तसं ते शालीत गुंडाळलेलं होतं, त्या सत्काराच्या शालीत.

त्यांनी पान काढून दिलं. "जावक. दिनांक १९ जानेवारी. सर्व, दोनशे बारा. कोठे रवाना: माहीत नाही. कारण: कुरणे यांचा सत्कार."

मी म्हणालो, "भाऊसो, हलगी माझ्यामुळं वाजली. म्या वाट काढून दिली दादांना. कारणात माझं नाव घाला."

"फेटा बांधाय मी गेलतो की," भाऊसो म्हणाले. "तुम्ही न्हाय."

मग त्यांनी पान उलटलं. नव्या पानावर एकच नोंद होती, याच आठवड्यातली. ती मी दोनदा वाचली आणि वही मिटून त्यांच्या हातात दिली.

"आ. क्र. १. दिनांक ६ ऑक्टोबर. धोबी, एक, लंगडा. मुरमावर दोन तास बसून होता. विषय: पाण्याबाबत विचारणा. शेरा: उत्तर देणे बाकी."